बनाबा: माती गेली, मालकी सोडली नाही

प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जेमतेम दक्षिणेला बनाबा नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण १,५०० एकर. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून ८० मीटरच्या आसपास. शेजारी म्हणावं असं एकच बेट, नाउरू, आणि तेही पश्चिमेला सुमारे ३०० किलोमीटरवर. ब्रिटिशांच्या नकाशांवर बनाबाचं नाव ओशन आयलंड होतं. आज ते किरिबाटी प्रजासत्ताकात मोडतं. १९०० ते १९७९ या काळात या बेटावरून सुमारे दोन कोटी टन फॉस्फेट खडक उचलला गेला आणि बेटाचा जवळपास ९० टक्के पृष्ठभाग खरवडला गेला. मूळ रहिवाशांपैकी बहुतेकांचे वंशज आज दोन हजार किलोमीटरहून लांब, फिजीतल्या राम्बी बेटावर राहतात.

इथे सैन्य उतरवून, गोळीबार करून जमीन घेतलेली नाही. महायुद्धाची तीन वर्षं सोडली तर जे गेलं ते करारनामे, अध्यादेश, लवाद आणि हिशेबाच्या वह्या यांतून गेलं. म्हणून हे प्रकरण कागद समोर ठेवून, कलमा-कलमाने वाचावं लागतं. बनाबन लोक टिकले तेही याच अंगाने. कुठला तुकडा कुणाचा, तो कुठल्या आजीकडून आला, कुठलं गाव कुठे होतं, ही त्यांची स्वतःची नोंद त्यांनी बेट सोडल्यावरही कधी मोडू दिली नाही.

खडकाच्या आधी

बनाबा हे वर उचललं गेलेलं प्रवाळ बेट. त्याला खाजण नाही, नदी नाही, झरा नाही. पाणी फक्त पावसाचं, आणि पाऊस लहरी. ला निनाच्या काळात या पट्ट्यात महिनोन्‌महिने थेंब पडत नाही. अशा वेळी आधार असायचा तो जमिनीखालच्या चुनखडीच्या गुहांचा. त्यांना बांगाबांगा म्हणतात. या गुहांत फक्त बायका उतरायच्या. अरुंद, काळोख्या भेगांतून सरपटत आत जायचं, छतातून ठिबकून खळग्यांत साचलेलं पाणी नारळाच्या करवंट्यांत भरायचं आणि तसंच सरपटत वर यायचं. कुठल्या गुहेवर कुणाचा हक्क हे ठरलेलं होतं. पुरुषांना आत जायला मज्जाव होता.

जमिनीची मालकी कुणा राजाची नव्हती. राजाच नव्हता. जमीन लहान लहान तुकड्यांत व्यक्तींच्या नावावर असे आणि मुलगा-मुलगी दोघांनाही मिळे. एकाच माणसाचे तुकडे बेटभर विखुरलेले असत. गावागावांची मानाची कामं वाटून दिलेली होती. आलेल्या जहाजावर पहिलं पाऊल ठेवण्याचा मानसुद्धा ठराविक घराण्यांचा. नारळ, केवड्याच्या जातीचं पँडानस, जंगली बदाम आणि खोल समुद्रातली मासेमारी, यावर जगणं चाले. हे सगळं तपशिलाने सांगण्याचं कारण असं की १९०० चा फॉस्फेटचा करार यातल्या प्रत्येक गोष्टीच्या विरोधात जातो.

१८७० च्या दशकात अनेक वर्षं दुष्काळ पडला. पुष्कळ माणसं मेली, कित्येक जण मिळेल त्या जहाजावर चढून निघून गेले. १८८५ मध्ये अमेरिकन मिशन आलं आणि गिल्बर्ट बेटांच्या (आजच्या किरिबाटीतल्या) भाषेतलं बायबल घेऊन आलं. बनाबाची जुनी बोली त्यानंतर हळूहळू विरली. १९०० मध्ये बेटावर पाचशेच्या आत-बाहेर माणसं उरली होती. १८९२ मध्ये ब्रिटनने गिल्बर्ट बेटांवर संरक्षण जाहीर केलं तेव्हा बनाबा त्यात धरलेलं नव्हतं. म्हणजे फॉस्फेट काढणारी कंपनी आली तेव्हा बेट कुठल्याच सत्तेखाली नव्हतं आणि लोकसंख्या नुकतीच खचून कशीबशी सावरत होती.

३ मे १९०० चा कागद

१८९९ मध्ये पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या सिडनीच्या कचेरीत दार अडवायला एक दगड ठेवलेला होता. तो नाउरूहून आलेला. लाकडाचा जीवाश्म असावा असा सगळ्यांचा समज. अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने पूर्वी दुसऱ्या बेटांवर फॉस्फेटचं काम पाहिलं होतं. त्याने तुकडा तपासून घेतला आणि तो उच्च प्रतीचा फॉस्फेट खडक निघाला. नाउरू त्या वेळी जर्मनांकडे होतं. बनाबाची घडण तशीच असणार हा तर्क करून एलिस ३ मे १९०० रोजी तिथे उतरला आणि त्याच दिवशी करार झाला.

कराराचा गाभा असा: बेटावरचा सगळा फॉस्फेट काढून नेण्याचा एकमेव हक्क कंपनीला, ९९९ वर्षांसाठी. मोबदला वर्षाला ५० पौंड, किंवा गिल्बर्ट बेटांतल्या चालू भावाने तेवढ्या किमतीचा माल. कंपनीवर एक अट होती: जिथे नारळाची किंवा इतर फळझाडं लावलेली आहेत तिथला फॉस्फेट काढायचा नाही. बेटाच्या वतीने खूण केली तेमाती आणि करियाताबेवा यांनी, आणि कागदात तेमातीला राजा ठरवलं गेलं.

यात काय काय गडबड आहे ते पाहू. पहिली गोष्ट सही करणाऱ्याच्या अधिकाराची. ज्या समाजात प्रत्येक तुकड्याला वेगळा मालक आहे, तिथे एक माणूस सगळ्या बेटाचा खनिज हक्क देऊच शकत नाही. कागदावर राजा लिहिला की तो होत नाही, पण न्यायालयात किंवा वसाहत खात्यात तो कागद मात्र राजाचा म्हणून चालतो. दुसरी गोष्ट मोबदल्याची. रक्कम टनाशी बांधलेली नाही, सपाट आहे. दहा टन काढा नाहीतर दहा लाख, पौंड पन्नासच. तिसरी, ‘किंवा तेवढ्या किमतीचा माल’ हे शब्द. मालाची किंमत ठरवणार कंपनी, म्हणजे पन्नास पौंडांतूनही नफा कंपनीचाच. आणि काढून घेतलेल्या जमिनीचं पुढे काय, यावर एक अक्षर नाही.

९९९ वर्षांचे सगळे हप्ते एकत्र केले तर ४९,९५० पौंड होतात. १९२० मध्ये नाउरू आणि बनाबा मिळून हा धंदा तीन सरकारांनी विकत घेतला तेव्हा कंपनीला ३५ लाख पौंड मिळाले. एवढे दोन आकडे शेजारी ठेवले तरी पुरे.

१९०१ मध्ये ब्रिटनने बेट ताब्यात घेतलं. कंपनीचा अध्यक्ष लॉर्ड स्टॅनमोर हा पूर्वी फिजीचा गव्हर्नर होता. लंडनच्या वसाहत खात्याची दारं त्याला परकी नव्हती. १९०८ मध्ये तर गिल्बर्ट आणि एलिस (आजचं तुवालू) बेटांच्या प्रशासनाचं मुख्यालयच बनाबावर आणलं गेलं. इथून पुढे लोकांचं रक्षण करायचं ते सरकार आणि खाणीवर जगणारं सरकार एकच झालं.

खडक कसा निघतो, मागे काय उरतं

समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेतलं फॉस्फरस हजारो वर्षं पावसाबरोबर प्रवाळाच्या चुनखडीत मुरत गेलं. त्यातून तयार झालेला फॉस्फेट हा सलग थर नसतो. तो चुनखडीच्या सुळक्यांच्या मधल्या खाचांत ठासून भरलेला असतो. आधी वरची झाडं तोडायची, पातळ माती बाजूला करायची, मग खाचांतला माल खोदून काढायचा. सुरुवातीला कुदळ, फावडं आणि टोपली, नंतर रुळांवरच्या डब्या, पुढे यंत्रं. माल वाळवायचा, कारण ओला खडक जहाजात घालणं म्हणजे पाण्याचं भाडं भरणं. बेटाला बंदर नसल्यामुळे जहाज बाहेर खोल पाण्यात बोयाला बांधायचं आणि बरीच वर्षं होड्यांतून टोपल्या नेऊन भरायचं. मजूर गिल्बर्ट आणि एलिस बेटांतून, जपानमधून, नंतर हाँगकाँगमार्गे चीनमधून आणले जात.

काम संपलं की मागे उभे राहतात ते नुसते सुळके, काही ठिकाणी पन्नास-साठ फूट उंच, मध्ये खोल खड्डे. त्यावर माती नाही. ऊन लागून दगड तापतो. चालता येत नाही, नांगर तर सोडाच, खड्डा करून रोप लावायलाही जागा नाही. ज्या भेगांमधून पावसाचं पाणी गुहांत उतरायचं, त्या भेगाच खाणीत उघड्या पडल्यामुळे बांगाबांगाही बिघडल्या. दुष्काळात जगवणारी व्यवस्था गेली आणि माणसं कंपनीच्या पाण्यावर अवलंबून झाली.

हा खडक जातो कुठे, हे शेतकरी वाचकाला वेगळं सांगायला नको. नुसता दळून टाकला तर पिकाला त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) सहज मिळत नाही. गंधकाम्लाची प्रक्रिया केली की विद्राव्य सुपर फॉस्फेट होतं. एक टन चांगल्या खडकातून ५० किलोच्या तीसहून अधिक गोण्या खत निघतं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या स्फुरद नसलेल्या जमिनी, तिथली कुरणं, गहू, मेंढ्या हे सगळं या खतावर उभं राहिलं.

१९१३: सहा पेन्स आणि ‘शक्य तिथे’

१९०० च्या कराराने काम भागणार नाही हे कंपनीला लवकरच कळलं, कारण प्रत्यक्षात जमीन अडवणारे मालक वेगवेगळे होते. मग तुकड्या-तुकड्याने खडक आणि झाडं विकत घेण्याचे कागद झाले. १९०९ च्या सुमारास लोकांनी आणखी जमीन द्यायला नकार दिला. चार वर्षं हा तंटा चालला आणि १९१३ चा करार झाला. आता एकरी ४० ते ६० पौंड, शिवाय टनाला सहा पेन्स बनाबनांच्या सामायिक निधीत. एका पौंडात २४० पेन्स, म्हणजे चाळीस टन खडक गेला की निधीत एक पौंड.

याच करारात पुढे सर्वांत महत्त्वाचं ठरलेलं वचन आलं: खोदून झालेल्या जमिनी मूळ मालकांना परत द्यायच्या आणि शक्य तिथे नारळ व इतर अन्न देणारी झाडं लावून द्यायची. ‘शक्य तिथे’ म्हणजे कुठे, कोण ठरवणार, किती झाडं, माती कुठून आणायची, किती वर्षांत, लावली नाहीत तर काय, यातलं काहीही लिहिलेलं नव्हतं. सुळक्यांवर नारळ येत नाही, म्हणून ‘शक्य नाही’ म्हणायला दार उघडं राहिलं. खाण करारात जमीन पूर्ववत करण्याचं कलम असेल तर मातीची जाडी, झाडांची संख्या, मुदत आणि आगाऊ ठेव या चार गोष्टी त्यात असायलाच हव्यात. इथे त्यातली एकही नव्हती.

१९२० मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स ही संस्था उभी केली. हिस्से ४२, ४२ आणि १६ टक्के. ही संस्था ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतकऱ्यांना खडक खर्चाच्या भावात देई. दिसायला हे उदार धोरण. पण जो माल नफा न घेता विकला जातो, त्यात नफ्याचा वाटा मागणार कशातून? बाजारभाव वहीत कधी आलाच नाही. बनाबनांचं स्वामित्वशुल्क (टनामागे मिळणारा मोबदला) जितकं कमी, तितकं खत स्वस्त. म्हणजे पाचशे-सातशे माणसांचं बेट दोन देशांच्या शेतीला अनुदान देत होतं. आमच्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी लूट ही आहे, आणि तीच सर्वांत कमी दिसते.

१९२७-२८ मध्ये आणखी जमीन हवी झाली. लोकांनी पुन्हा नकार दिला. या वेळी सरकारने तंटा चालू दिला नाही. १९२८ मध्ये सक्तीने जमीन घेता येईल असा खाण अध्यादेश काढला. रेसिडेंट कमिशनर (वसाहतीचा प्रमुख ब्रिटिश अधिकारी) आर्थर ग्रिम्बल याने ५ ऑगस्ट १९२८ रोजी बुआकोनिकाई गावाला पत्र लिहिलं. सह्या केल्या तर काय आणि नाही केल्या तर काय, हे त्याने जगणं आणि मरणं अशा दोन बाजूंना मांडलं होतं; गावाच्या अस्तित्वाचीच त्यात गर्भित धमकी होती. ज्या अधिकाऱ्याकडे लोकांच्या हिताची राखण होती, त्याच्याच हातचं हे पत्र. लोकांनी तरीही सह्या केल्या नाहीत. १९३१ मध्ये १५० एकर, म्हणजे बेटाचा दहावा हिस्सा, सक्तीने घेतला गेला.

नकार देऊन जमीन वाचली नाही, मग उपयोग काय झाला, असं कुणी विचारेल. उपयोग असा की सह्या नसल्यामुळे संमतीचा दावा पुढे कुणालाच करता आला नाही, आणि ते पत्र सत्तेचाळीस वर्षांनी लंडनच्या न्यायालयात वाचलं गेलं.

राम्बी

१९४२ च्या मार्चमध्ये फिजीतलं राम्बी हे बेट लिव्हर कंपनीकडून २५,००० ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतलं गेलं. पैसे बनाबनांच्याच निधीतले. राम्बी सुमारे ६९ चौरस किलोमीटर, म्हणजे बनाबाच्या अकरापटीहून मोठं, डोंगराळ, भरपूर पावसाचं. त्याचे मूळ रहिवासी एकोणिसाव्या शतकात युद्ध आणि विक्रीच्या फेऱ्यात बेटावरून गेले. त्यांचे वंशज आजही शेजारच्या ताव्हेउनी बेटावर आहेत आणि राम्बीला आपलं मानतात. एका उखडलेल्या समाजाला दुसऱ्या उखडलेल्या समाजाच्या जागी बसवलं गेलं, ही गोष्ट बनाबाबद्दलच्या लेखांत बहुधा येत नाही. ती यायला हवी.

ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य बनाबावर उतरलं. खाणीचे बहुतेक गोरे कर्मचारी आधीच हलवले गेले होते, रहिवासी नाही. जपान्यांनी बहुतेक बनाबनांना कोस्राए, नाउरू आणि तारावा इथे नेलं. मासेमारी वगैरे कामांसाठी मागे ठेवलेल्या सुमारे दीडशे माणसांना जपानच्या शरणागतीनंतर, ऑगस्ट १९४५ मध्ये, मारण्यात आलं. त्यातून कबुनारे हा एकटा वाचला. काही महिने बेटावर लपून राहिला आणि पुढे त्याच्या साक्षीवर जपानी कमांडरला युद्धगुन्ह्यासाठी फाशी झाली.

युद्ध संपल्यावर विखुरलेल्या लोकांना गोळा करून घरी नेलं नाही. घरं उद्ध्वस्त झाली आहेत असं सांगून ट्रायोना जहाजाने १५ डिसेंबर १९४५ रोजी १,००३ माणसं राम्बीवर उतरवली: ७०३ बनाबन आणि ३०० गिल्बर्टी. डिसेंबर हा फिजीत वादळाचा मोसम. निवाऱ्याला सैन्याचे तंबू, थोड्या आठवड्यांची शिधासामग्री. विषुववृत्तावरच्या कोरड्या उष्णतेची सवय असलेल्या, जपानी छळछावण्यांतून आलेल्या माणसांना ओल्या, गार डोंगरउतारांवर राहायला दिलं. टॅरो आणि कसावा कसं लावायचं ठाऊक नव्हतं, गुरं कशी हाताळायची ठाऊक नव्हतं. आजारपणं आली, म्हातारी माणसं गेली. बनाबावर मात्र खाण पुन्हा सुरू झाली, आणि आता अडवणारं तिथे कुणीच नव्हतं.

१९४७ मध्ये याच परिस्थितीत नवा करार झाला. बनाबनांना स्वतंत्र सल्ला मिळाला नाही. ठरलेला दर पुढच्या किमतींशी बांधलेला नव्हता, म्हणजे १९०० च्या सपाट रकमेचीच चूक पुन्हा. त्याच वर्षी मतदान होऊन लोकांनी राम्बीवर राहायचं ठरवलं, पण एक अट घालून: बनाबावरचे जमिनीचे हक्क जसेच्या तसे राहतील. ही अट आम्हाला सगळ्या लढ्याचा कणा वाटते. पुनर्वसन स्वीकारलं म्हणजे मूळ जमीन सोडली, असा अर्थ सरकारं नेहमी काढतात. इथे तो काढता येऊ नये याची सोय लोकांनी पहिल्या दोन वर्षांतच करून ठेवली.

राम्बीवर त्यांनी चार वस्त्या बसवल्या आणि त्यांना बनाबावरच्या चार गावांचीच नावं दिली: ताबवेवा, उमा, ताबियांग, बुआकोनिकाई. कोण कुठल्या गावचा हे त्यामुळे रोजच्या बोलण्यात राहिलं, आणि त्याबरोबर कुठला तुकडा कुणाचा हेही. दर १५ डिसेंबरला उतरल्याचा दिवस पाळला जातो. त्या दिवशीच्या नृत्यनाट्यात मिशनऱ्यांचं येणं, कंपनी, खोदकाम, जपानी काळ आणि जहाजप्रवास हे सगळं क्रमाने येतं. लहान मुलं नाचतच आपला खटला शिकतात.

लंडनचा खटला आणि करवीची लूट

१९६० च्या दशकात फॉस्फेटच्या उत्पन्नाची वाटणी अशी झाली: ८५ टक्के गिल्बर्ट आणि एलिस वसाहतीच्या सरकारला, १५ टक्के बनाबनांना. वसाहत चालवण्याचा खर्च लंडनने द्यायचा की एका बेटाच्या मातीतून काढायचा, याचं उत्तर या वाटणीत आहे. रोतान तितो आणि त्यांचे पुत्र रेव्हरंड तेबुके रोतान यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दोन दावे दाखल झाले. तितो विरुद्ध वॉडेल या नावाने ते ओळखले जातात. सुनावणी दोनशेहून अधिक दिवस चालली. न्यायमूर्ती रॉबर्ट मेगॅरी स्वतः बनाबा आणि राम्बीला जाऊन आले. निकाल १९७६ च्या अखेरीस लागला.

पहिला दावा स्वामित्वशुल्काचा. म्हणणं असं की सरकार बनाबनांचं विश्वस्त होतं आणि त्याने स्वतःच्या फायद्यासाठी दर कमी ठेवला. मेगॅरी यांनी सरकारच्या वागण्यावर टीका केली, पण दावा फेटाळला. त्यांच्या मते ही राज्यकारभाराची, ‘वरच्या अर्थाने’ विश्वस्ताची जबाबदारी. न्यायालयातून वसूल करता येईल अशी नव्हे.

या निष्कर्षाला आधार होता १८८२ च्या किनलॉख निवाड्याचा, आणि तो थेट मराठी इतिहासात जातो. बुंदेलखंडातल्या करवीला अमृतराव पेशव्यांचं घराणं होतं. जून १८५८ मध्ये जनरल व्हिटलॉकच्या फौजेने नारायणराव आणि माधवराव यांच्या वाड्यातला प्रचंड खजिना ताब्यात घेतला. बांदा आणि करवीची लूट म्हणून तो ब्रिटिश कायद्यात प्रसिद्ध आहे. राणीच्या हुकूमनाम्यात ही लूट भारतमंत्र्यांनी सैनिकांसाठी विश्वस्त म्हणून वाटावी असे शब्द होते. वाटपाबद्दल किनलॉख याने सैन्याच्या बाजूने दावा लावला, तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं की ‘विश्वस्त’ शब्द वापरला म्हणून राजसत्ता न्यायालयात जबाबदार होत नाही. पेशव्यांच्या वाड्यातल्या लुटीवरून निघालेला हा नियम जवळपास शंभर वर्षांनी बनाबनांच्या आड आला.

(कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या गेरिन निवाड्यात वेगळी वाट काढली: मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क राजसत्तेच्या आधीपासूनचा, म्हणून तिथे सरकारची जबाबदारी न्यायालयात मागता येते. बनाबनांचा खटला आठ-दहा वर्षं उशिरा उभा राहिला असता तर हा युक्तिवाद त्यांच्या हाती असता.)

दुसरा दावा झाडं लावण्याच्या १९१३ च्या वचनाचा. इथे बनाबन जिंकले: वचन होतं, ते बंधनकारक होतं आणि ते मोडलं. पण प्रत्यक्ष झाडं लावून द्या, असा हुकूम न्यायालयाने दिला नाही. दावेदारांचे तुकडे लहान आणि विखुरलेले. चहूबाजूंनी सुळके असताना मधला एखादा तुकडा माती आणून लावणं निरर्थक, आणि मालक तर राम्बीवर राहतात, असं कारण दिलं गेलं. भरपाई मोजतानाही माती आणून झाडं लावायचा खर्च धरला नाही. हाती आली ती नाममात्र रक्कम. बेट खोदून माणसं बाहेर हलवली, आणि मग माणसं बाहेर आहेत हेच भरपाई कमी करण्याचं कारण ठरलं.

शेजारचं नाउरू, आणि दहा दशलक्ष

खटल्यानंतर तिन्ही सरकारांनी एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा निधी देऊ केला. सानुग्रह, म्हणजे कुठलीही जबाबदारी न मानता. राम्बीच्या नेत्यांनी तो १९८१ मध्ये स्वीकारला. तुलनेला नाउरू घ्या. खडक तोच, खोदणारी संस्था तीच. पण नाउरू १९६८ मध्ये स्वतंत्र देश झाला, त्यामुळे १९८९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा लावता आला. १९९२ मध्ये न्यायालयाने दावा ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड केली. बनाबनांनीही १९७० च्या दशकात वेगळं होण्याची मागणी केली होती. ती मान्य झाली नाही, आणि त्या दरवाजापर्यंत त्यांना जाताच आलं नाही.

त्याऐवजी जे मिळालं ते १२ जुलै १९७९ रोजी स्वतंत्र झालेल्या किरिबाटीच्या राज्यघटनेत. बनाबासाठी तिथे स्वतंत्र प्रकरण आहे. राम्बीच्या परिषदेने नेमलेल्या प्रतिनिधीला किरिबाटीच्या संसदेत राखीव जागा. प्रत्येक बनाबनाला बेटावर येण्याचा आणि राहण्याचा हक्क. आणि राम्बीवर राहतो म्हणून कुणाचाही बनाबावरचा जमिनीचा हक्क कमी होणार नाही ही तरतूद. फिजीत राहणाऱ्या समाजाला दुसऱ्या देशाच्या संसदेत कायमची जागा, ही व्यवस्था जगात फार कमी ठिकाणी सापडेल. १९४७ च्या मतदानावेळी घातलेली अट बत्तीस वर्षांनी घटनेत उतरली.

खाण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंद झाली. फॉस्फेटच्या पैशातून १९५६ मध्ये उभा केलेला राखीव निधी मात्र किरिबाटीकडे गेला आणि त्या देशाच्या अर्थकारणाचा तो आजही एक खांब आहे.

आजचे तिढे

बनाबावर सध्या सुमारे तीनशे माणसं राहतात, बरीचशी राम्बीहून परत आलेली. राहणं म्हणजे खाणीच्या काळातल्या इमारतींत आणि त्यांच्या आसपास. त्यांच्या छपरांत आणि भिंतींत ॲस्बेस्टॉस आहे. गुहा बिघडल्यामुळे पाण्यासाठी पावसाच्या टाक्या आणि समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र. २०२० च्या अखेरीस ते यंत्र बंद पडलं आणि बेटावर पिण्याच्या पाण्याची भीषण टंचाई झाली. अशा यंत्राला सुटे भाग लागतात, दुरुस्ती करणारा माणूस लागतो, आणि दोन्ही जहाजानेच यायचं. पूर्वीच्या बांगाबांगांना यातलं काही लागत नव्हतं.

राम्बीवरही सगळं सुरळीत नाही. बेट समाजाच्या मालकीचं, कारभार परिषदेकडे. पण २०१३ मध्ये फिजी सरकारने परिषद बरखास्त करून प्रशासक बसवला. याचा परिणाम फिजीपुरता राहत नाही, कारण किरिबाटीच्या संसदेतली जागा याच परिषदेच्या नेमणुकीवर टिकलेली आहे. दोन देशांच्या कायद्यांत गुंतलेल्या समाजाचं दुखणं हे असं असतं.

२०२३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीने बनाबावर उरलेला फॉस्फेट काढण्याच्या शक्यतेचा अभ्यास जाहीर केला. राम्बीवरून लगेच विरोध झाला. ज्यांना असा प्रस्ताव तपासायचा आहे त्यांनी पहिला प्रश्न १९०० चाच विचारावा: संमती कुणाची? बेटावर राहणाऱ्या तीनशे जणांची, राम्बीवरच्या हजारो हक्कदारांची, की तारावाच्या, म्हणजे किरिबाटीच्या, सरकारची? घटनेनुसार तुकड्यांवरचे हक्क व्यक्तींचे आहेत आणि ते राम्बीवर राहूनही शाबूत आहेत. त्यामुळे एखाद्या मंडळाची किंवा प्रमुखाची सही पुरेशी धरली, तर तेमातीला राजा ठरवण्याचाच प्रकार पुन्हा होईल. दुसरा प्रश्न शुल्काचा: ते टनामागे आहे का, जागतिक बाजारभावाशी बांधलेलं आहे का. तिसरा, सुळके फोडून माती घालण्याचा खर्च काम सुरू होण्याआधी तिसऱ्याच्या ताब्यात ठेव म्हणून जमा होणार आहे का.

आणखी एक काम त्याहून निकडीचं आहे. तुकड्यांच्या सीमा एके काळी झाडं आणि दगडांवरून ओळखल्या जात. ते दोन्ही खाणीत गेले. उरले आहेत ते कंपनीच्या मोजणीचे नकाशे आणि राम्बीवरच्या घराघरांतल्या वंशावळी. मुलगा-मुलगी दोघांना वाटा मिळत असल्याने प्रत्येक पिढीगणिक हक्कदार वाढतात आणि तुकडे कागदावर आणखी बारीक होतात. या दोन नोंदी एकमेकींशी जुळवून, प्रत्येक तुकड्याची आजची वारस यादी तयार करायला हवी, आणि ती वंशावळ तोंडपाठ असलेली पिढी हयात असेपर्यंतच.